पडायसाठी आणलेला ठराव

रामकिसनचा हात वर गेलाच नाही.

करंजबारीच्या ग्रामपंचायतीत त्या दिवशी सरपंचावर अविश्वासाचा ठराव होता. नऊ पंचांतले सहा हात वर आले असते तर तात्यासाहेबांची खुर्ची गेली असती. पाच आले. मनकर्णाबाईचा सगळ्यांत आधी, मग सरूबाईचा, बद्रीनाथचा, आणखी दोघांचा. सहावा यायचा होता रामकिसनचा. रामकिसन म्हणजे मनकर्णाबाईच्या सख्ख्या बहिणीचा, भागूबाईचा लेक. ठरावाचा कागद त्यानंच लिहून आणला होता, पहिली सही त्याचीच होती. आणि आता तो दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून सतरंजीकडे बघत बसला होता.

"रामकिसन," मनकर्णाबाई म्हणाली. "आरं, हात कर ना वर."

त्यानं ऐकूच आलं नाही असं केलं.

"रामकिसन! तुला बोलतीय मी!"

"बाई, सभेत कोणी कोणाला सांगायचं नाही," शहरातून आलेले तहसीलदार म्हणाले. त्यांनी हात मोजले, पुन्हा एकदा मोजले, आणि लिहिता लिहिताच सांगून टाकलं, "ठराव फेटाळला गेला आहे. आजपासून एक वर्ष सरपंचांवर नवा अविश्वास ठराव आणता येणार नाही."

"वर्ष?" तिला वाटलं आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली. "सायेब, एक मत कमी पडलं. पुढल्या महिन्यात परत आणतो की आम्ही."

"नाही आणता येत. नियम आहे."

तात्यासाहेब उठले. टोपी नीट केली, तहसीलदारांना हात जोडले आणि दाराकडे बघून म्हणाले, "लक्ष्मण, पेढे आण रे."

त्यांचा पुतण्या लक्ष्मण, तोही पंचच, कोनाड्यातून पुडा घेऊन आला. पुडा आधीपासून तिथं होता. मनकर्णाबाईनं सकाळी आत येताना तो बघितला होता आणि कुणाच्या तरी घरचा सौदा असंल म्हणून सोडून दिला होता. आता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ठराव पडणार हे या माणसाला सकाळीच ठाऊक होतं. सकाळी कशाला, त्याच्याही आधी.

लक्ष्मणनं तिच्यापुढं पेढा धरला. तिनं तो घेतला आणि तात्यासाहेबांच्या पायाशी फेकला.

"वहिनी, अन्न हाय ते," तात्यासाहेब हसत म्हणाले.

"मग उचला आन खा," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

करंजबारी हे चितेगावच्या अलीकडं, पैठण रोडवरून आत गेलं की लागतं. गावच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला तेव्हा लोक खूशच होते. पोरांना कामं मिळतील म्हणत होते. मग कारखान्यानं एक नळ गावच्या नाल्यात आणून सोडला. ग्रामसभा झाली नाही, कुणाला विचारलं नाही. पंचायतीची हरकत नाही म्हणून तात्यासाहेबांनी परस्पर लिहून दिलं. पहिल्या उन्हाळ्यात नाल्याचं पाणी तांबूस झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात नाल्याकाठच्या विहिरी तांबूस झाल्या. मनकर्णाबाईच्या विहिरीवर सकाळी तेलकट साय धरायची, आणि त्या पाण्यावर भिजवलेली मेथी उगवून वर आली की पिवळी पडून बसायची. म्हशीनं त्या पाण्याला तोंड लावणं सोडलं. माणसांना मात्र सोडता येत नव्हतं.

ती बायकांच्या राखीव जागेवर निवडून आली होती. तात्यासाहेबांनीच तिला उभी केली होती. सही कर म्हटलं की सही करील, असा त्यांचा हिशेब. तिनं पहिल्याच बैठकीत नळाचं विचारलं. दुसऱ्या बैठकीत विचारलं. तिसऱ्या बैठकीचं बोलावणंच तिच्या घरी आलं नाही. तेव्हापासून ती एकेका पंचाच्या दारात जाऊन बसायला लागली. सहा माणसं जमवता जमवता पावसाळा सरला. बद्रीनाथ अजून डगमगत होता, म्हणून तिनं ठरवलं होतं की दिवाळी होऊ द्यायची, त्याला पक्का करायचं, मगच तहसीलीत जायचं.

पण रामकिसन मध्येच कागद घेऊन आला. "मावशे, थांबलो तर तात्या एकेकाला फोडील. आत्ताच टाकू." तिलाही ते पटलं. पोरगा आपला, चार बुकं शिकलेला. तिनं सही केली, वर त्याला जेवून जा म्हणाली.

सभेनंतरच्या आठवड्यात तिचा नवरा पुंजाराम फाट्यावरून आला तो खाटेवर नुसता बसून राहिला. हा माणूस बोलायचा कमी, आणि वाईट बातमी असली की त्याहून कमी.

"काय झालं?"

"रामकिसन कारखान्याच्या गेटावर हाय. खाकी घालून. पर्मनंट झालाय म्हणं."

तिनं हातातली परात खाली ठेवली, पदर खोचला आणि तशीच रस्त्याला लागली. पुंजाराम मागून "अगं, आगं" करत राहिला. कारखान्याच्या गेटाशी रामकिसन स्टुलावर बसला होता. तिला बघून उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"मावशे, इथं नको. सायेब लोक हायेत."

"ठराव तू आणलास. तूच पाडलास. मग आणलास कशाला?"

त्यानं टोपी पुन्हा काढली.

"मी दिवाळीपातूर थांबणार होते. तूच घाई केलीस. व्हय का नाय?"

"मला तात्यांनी सांगितलं तसं…" तो अडखळला. "एकदा पडला की वर्षभर परत येत नाय म्हणं. तेवढंच त्यांला पायजे होतं. मावशे, मला दोन लेकरं हायेत."

"आन माझी सही? मला का घेतलं त्यात?"

"तुझी सही असल्याबिगर तो खरा वाटला नसता."

तिनं त्याच्या कानाखाली मारली. गेटावरचे दोघे धावत आले, पण रामकिसननंच त्यांना हातानं थांबवलं. तिचा हात झिणझिणत होता, आणि राग काही एवढाही कमी झाला नव्हता. तात्यासाहेबांनी तिच्याशी भांडून तिला हरवलं असतं तर तिनं सोसलं असतं. त्यांनी तिचाच राग घेतला, तिच्याच सहीनं कागदावर चढवला आणि त्याची कडी करून दार आतून लावून घेतलं. आपल्याच हातानं आपण त्याला वर्षभर मोकळं रान दिलं, हे तिला जेवताना आठवायचं आणि घास तोंडात फिरायचा.

दोन दिवसांनी ती काळीपिवळी जीपनं शहरात गेली. औरंगपुऱ्यात अनंतराव वकिलांचं ऑफिस होतं. पुंजारामच्या बांधाचा दावा त्यांनी पूर्वी चालवला होता. माणूस सभ्य. त्यांनी बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "बाई, नियम बरोबर आहे. पडलेला ठराव रोज उठून परत आणता आला तर पंचायतीत दुसरं कामच होणार नाही. विधानसभेतसुद्धा असंच असतं. एकदा सभागृहानं नाही म्हटलं की तोच प्रश्न लगेच पुन्हा मांडता येत नाही. सरपंचाला निवांतपणे काम करता यावं म्हणून ही सोय आहे."

"त्याला निवांत काम करता यावं म्हणून," ती म्हणाली. "आन तो जे काम करतोय ते?"

"त्यासाठी प्रदूषण मंडळ आहे, कलेक्टर आहेत. अर्ज करा."

"केलेत. तिथं म्हणत्यात पंचायतीचा ठराव आणा."

अनंतरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मग वर्षभर थांबावं लागेल."

"तुमच्या नळाला येतं ते पाणी कसं हाय, वकीलसाहेब?"

"का बरं?"

"मला एक ग्लास द्या. बघू तरी पाण्याचा रंग कसा असतो."

त्यांनी मान खाली घालून माठातलं पाणी आणून दिलं. तिनं ते प्यायलं, ग्लास पालथा घातला आणि उठली. त्या भल्या माणसावर राग काढायला नको होता, हे तिला जिना उतरतानाच कळलं. पण ती माघारी वळली नाही.

ते वर्ष तिनं दात आवळून काढलं. गावात बोलायची तर एकच गोष्ट. वर्ष सरलं की त्याच दिवशी मी तहसीलीत उभी राहीन. पाणवठ्यावर बोलली, लग्नाच्या मांडवात बोलली, तात्यासाहेबांच्या ओट्यासमोर उभी राहून बोलली. तात्यासाहेब हसून म्हणायचे, "या की वहिनी, मीच येतो सोडायला." बद्रीनाथकडं ती अशी हटकून जायची की त्याची बायको तिला लांबून बघितलं की चहा टाकायची. बद्रीनाथ पक्का झाला. तिला धरून बाकीचे चौघे पक्के होतेच, कारण आता वरच्या आळीच्या विहिरीही तांबड्या झाल्या होत्या. पाच जण झाले. सहावा कुठून आणायचा तेवढं तिला सुचत नव्हतं. तात्यांच्या गोटातला एक म्हातारा पंच आवडाबाईचा नवरा होता. आवडाबाई तिची मैत्रीण. ती म्हणाली होती, बघते, समजावते. त्या आशेवर मनकर्णाबाई होती.

भागूबाईच्या घराकडं मात्र ती वर्षभर फिरकली नाही. बहीण दोनदा आली. हिनं तिला दारातूनच वाटेला लावलं.

वर्ष सरलं त्या सकाळी ती पहिल्या गाडीनं शहरात गेली. बरोबर सरूबाई आणि बद्रीनाथ. तहसील कचेरीत साहेबांच्या दाराबाहेर थांबून ती आत गेली आणि कागद पुढं केला. कारकुनानं गावाचं नाव वाचलं आणि कागद परत सरकवला.

"करंजबारीची नोटीस आलीय की आत्ताच. कचेरी उघडायच्या आत येऊन बसले होते."

"कोण?"

"लक्ष्मण, आणखी एक म्हातारे गृहस्थ, आणि रामकिसन. तिघांच्या सह्या आहेत. सरपंचावर अविश्वास."

सरूबाईला आधी आनंदच झाला. "अगं बया, त्यांचीच माणसं उलटली!"

 मनकर्णाबाईनं मात्र टेबलाची कड धरली. लक्ष्मण आपल्या चुलत्याला पाडणार? म्हातारा, ज्याच्यावर तिची सगळी आशा, तोही तिकडंच? कशाला आणला होता हा ठराव ते तिला एका दमात कळलं. पडायसाठी. तो पडला की पुन्हा वर्ष. आणि त्या वर्षातच पंचायतीची मुदत संपणार होती.

"हलकट!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या खोलीतली टाइपरायटरची टकटक थांबली.

तिथून ती थेट औरंगपुऱ्यात. अनंतरावांच्या समोर बसलीच नाही, उभ्यानंच बोलली. "तुमच्या नियमाला लाज नाय का? चोरच म्हणतोय मला पकडा, आन नियम त्याचा जबाब लिवून घेतोय!"

"बाई, ठराव कोणी आणला, कोणत्या मनानं आणला, हे कायदा विचारत नाही. पडला की पडला."

"विचारत नाय?"

"नाही."

"आन पास झाला तर?" तिनं रागातच विचारलं. "तवाबी विचारत नाय?"

अनंतरावांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "नाही. पास झाला की पास झाला. पास व्हायला किती मतं लागतात?"

"सहा."

"तुमच्याकडे?"

"पाच."

"मग बाहेर कुणाशी काही बोलू नका," ते म्हणाले. "आणि सहावं बघा."

सहावं कुठं होतं ते तिला माहीत होतं. म्हातारा लक्ष्मणच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. लक्ष्मण तर पुतण्याच. उरला तिच्या बहिणीचा लेक. त्याच्या दारात जायचं म्हणजे विस्तव गिळायचा. परतीच्या गाडीत ती बद्रीनाथशी एक शब्द बोलली नाही.

भागूबाईचं घर नाल्याला लागून. मनकर्णाबाई आत शिरली तेव्हा भागूबाई चुलीपुढं बसली होती आणि सूनबाई तिला भरवत होती. भागूबाईचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले. बोटांच्या बेचक्या फाटलेल्या, तळव्याची कातडी सुटून खाली ओलं लाल मांस.

"हे काय गं, भागे?"

"धुणं," भागूबाई म्हणाली. "नाल्यावरचं. कवापासून चाललंय. घाटीच्या दवाखान्यात दाखवलं. मलम देत्यात. पाण्यात हात घालू नका म्हणत्यात." ती कशीनुशी हसली. "तू आलीस."

मनकर्णाबाई तिच्याजवळ बसली. वर्षभर या हातांना आपण दारातून परत पाठवलं. तिला रडू आलं असतं, पण त्याच वेळी रामकिसन खाकीतच दारात उभा राहिला आणि रडू गेलं, रागच उरला.

"हिकडं ये," ती म्हणाली. "बस. आईचे हात बघ."

"बघतो की मावशे रोज."

"नाय, बघत नाय तू. बघितलं असतंस तर आज त्या कागदावर सही केली नसतीस. धर ते हात. धर म्हणते ना!"

त्यानं आईचे हात हातात घेतले. भागूबाईच्या तोंडून सीऽ असा आवाज निघाला आणि त्यानं चटका बसल्यागत सोडून दिले.

"तिथं आत अजून एक नळ टाकायलेत," तो खाली बघत म्हणाला. "याच्या दुप्पट जाड. तात्यांनी कागद दिलाय. मी बोललो तर सायेब म्हणाला, तू गेट बघ."

"मग?"

"मग काय. दुसरं काम कोण देईल मला?"

"मी तुला पाया पडायला आले नाय," मनकर्णाबाई म्हणाली. "तुझ्यावर माझा इस्वास नाय, आन आता बसायचाबी नाय. तुझी त्या कागदावर सही हाय. तात्याच्या लेखी तू त्याचा माणूस हायेस. सभेत तुझा हात वर आला तर सहा होत्यात. नाय आला तर पुढलं वर्ष तुझ्या लेकरांच्या हातांचं. इथून पुढं तुझं तू बघ."

त्याच्या उत्तरासाठी ती थांबली नाही. तिनं बहिणीचं डोकं छातीशी धरलं आणि निघाली.

सभेच्या दिवशी पंचायतीत बसायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं. कोनाड्यात पुन्हा पुडा होता, या वेळी दोन. तहसीलदार वेगळे होते, तरुण होते. त्यांनी नोटीस वाचली आणि विचारलं, "ठराव कोण मांडणार?"

"मी," लक्ष्मण उठला. त्याला हसू आवरत नव्हतं. "सरपंचांच्या कारभारावर आमचा विश्वास राहिला नाही, सबब ठराव मांडतो." खिडकीतून कुणीतरी शिट्टी मारली. तात्यासाहेब मान डोलवत होते, जणू भजनाला बसलेत.

"बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

मनकर्णाबाईनं हात वर केला. सरूबाई. बद्रीनाथ. दोघं आणखी. पाच.

मांडणाऱ्या लक्ष्मणचाच हात खाली होता. तहसीलदारांनी त्याच्याकडं बघितलं. "तुम्ही ठराव मांडलात ना?"

"मांडला. पर मत माझं हाय ना सायेब?"

लोक हसले. मनकर्णाबाईनं रामकिसनकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिनं उठून त्याचा हात पिरगाळून वर धरला असता. ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. तहसीलदारांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन…

"सायेब," रामकिसनचा आवाज आला. फाटल्यासारखा. "माझाबी धरा."

तिनं वळून बघितलं. खाकीच्या बाहीतला हात वर होता. 

"रामकिसन!" तात्यासाहेब ताडकन उठले. "हात खाली घे. खाली घे म्हणतो!"

"सरपंच, सभेत कोणी कोणाला सांगायचं नाही," तहसीलदार म्हणाले. "सहा. ठराव मंजूर."

"आवो, तो ठराव खरा नव्हता!" तात्यासाहेबांच्या तोंडून निघून गेलं. "आमचाच होता तो!"

"सह्या खऱ्या आहेत ना?"

तात्यासाहेबांनी लक्ष्मणकडं बघितलं आणि सगळ्या गावादेखत पुतण्याला एक सणसणीत शिवी हासडली. खिडकीतली माणसं ओरडायला लागली. सरूबाई मनकर्णाबाईच्या गळ्यात पडून रडत होती. मनकर्णाबाईला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. तिला वाटलं होतं, आज तरी छातीवरचं ओझं उतरेल. पण वर्ष गेलं ते गेलंच होतं, आणि त्या वर्षात बहिणीच्या हातांची कातडीही गेली होती.

महिन्याच्या आत सरूबाई सरपंच झाली. बिनविरोध. मनकर्णाबाईचंच नाव पुढं आलं होतं, पण तिनं नको म्हटलं. मला बसून सह्या करायच्या नाहीत, मला तो नळ उखडायचाय, असं ती म्हणाली. पंचायतीनं जुनी परवानगी रद्द केली, तो ठराव घेऊन अनंतराव स्वतः कलेक्टर कचेरीत गेले. कारखान्यानं बरीच धावपळ केली, वकील लावले. तरी शेवटी एका सकाळी पोलिसांची गाडी आणि मंडळाचा माणूस उभा राहिला आणि नळ काढायचा हुकूम सुटला.

कुदळी घेऊन निम्मं गाव गेलं. रामकिसनला कामावरून काढल्याला तेव्हा बरेच दिवस झाले होते. तो सगळ्यांच्या आधी येऊन खणत होता. उघड्या अंगानं, ओठ मिटून, खाली मान. नळाचा पहिला तुकडा सुटला तेव्हा आतला तांबडा गाळ त्याच्या पायांवर सांडला. पोरं ओरडली. तो खणतच राहिला.

भागूबाई हातांना फडकी गुंडाळून बांधावर बसली होती. तिनं बहिणीला कोपरानं ढोसलं. "सकाळपासून उपाशी हाय गं. त्याला भाकर दे की. तुझ्या फडक्यात हायेत."

मनकर्णाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. अर्धी मोडून, ठेचा लावून भागूबाईच्या तोंडात एकेक घास घातला. उरलेली फडक्यात बांधून तिच्या मांडीवर ठेवली.

"तुझा लेक हाय," ती म्हणाली. "तू दे. माझ्या हातानं आजून नाय."

"आन कवा?"

"ते मला नाय ठाव."

ती उठली, पदर खोचला, पडलेली एक कुदळ उचलली आणि रामकिसनपासून लांब, नळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जमिनीत घातली.